आयर्लंडच्या संसदेपर्यंत आपला प्रश्न कसा न्यावा : विनंती अर्ज, टीडी, लेखी प्रश्न आणि समित्या

आयर्लंडच्या संसदेकडे विनंती अर्ज करायला एकच सही पुरते. शेजारच्या ब्रिटनमध्ये १० हजार सह्या जमल्यावर सरकार उत्तर देते आणि १ लाख सह्यांनंतर विषय चर्चेसाठी विचारात घेतला जातो. डब्लिनमध्ये अशी कोणतीही अट नाही. नव्याने राहायला आलेल्या माणसाला हे फार सोपे वाटते आणि तो सरळ अर्ज लिहायला बसतो. सह्यांची अट नाही म्हणजे सह्यांचा जोरही नाही, हे त्याच्या नंतर लक्षात येते. मागणी नेमकी आहे का, ती पुरी करण्याचा अधिकार संसदेच्या हाती आहे का, आणि तक्रारीचे इतर मार्ग अर्जदाराने आधी वापरले आहेत का, यांवरच अर्ज टिकतो किंवा फेटाळला जातो. शिवाय विनंती अर्ज हा संसदेच्या अनेक दरवाजांपैकी एक असून तो सर्वांत जलद उघडणारा नाही. कोणत्या प्रश्नासाठी कोणता दरवाजा ठोठवावा आणि तेथे काय म्हणावे, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

संसदेची रचना, कामापुरती

आयरिश संसदेला एरॅख्तस म्हणतात. तिच्यात राष्ट्राध्यक्ष, कनिष्ठ सभागृह डॉल आणि वरिष्ठ सभागृह शॅनड यांचा समावेश होतो. दोन्ही सभागृहे डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरील लेन्स्टर हाऊसमध्ये भरतात. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीपासून डॉलमध्ये १७४ सदस्य असून ते ४३ मतदारसंघांतून निवडून येतात. या सदस्यांना सगळेच टीडी म्हणतात. शॅनडमध्ये ६० सदस्य असतात; त्यांना सिनेटर म्हणतात. पंतप्रधानांना टीशॉक आणि डॉलच्या अध्यक्षांना क्यान कोर्ले म्हणतात.

या रचनेतील एक गोष्ट मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. राज्यघटनेनुसार साधारण २० ते ३० हजार लोकसंख्येमागे एक टीडी असावा लागतो. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने एका आमदारामागे सरासरी ३ लाख ९० हजार माणसे येतात. याखेरीज आयर्लंडमध्ये प्रत्येक मतदारसंघातून तीन ते पाच टीडी निवडून येतात, आणि मतदार मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहीत असल्याने एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांनाही एकमेकांशी स्पर्धा करावी लागते. परिणामी तुमचे प्रतिनिधित्व करणारे तीन ते पाच जण एकाच वेळी असतात. त्यांतील एक बहुधा सत्तेत आणि एक विरोधात असतो, आणि आपल्या भागातील माणसाचे काम दुसऱ्याने केले हे त्यांपैकी कोणालाच परवडत नाही. टीडी स्थानिक कामांतच गुंतून राहतात आणि कायदे करण्याकडे त्यांचे दुर्लक्ष होते, अशी टीका तेथे जुनी आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. परंतु ज्याच्या हातात अडलेले काम आहे त्याच्यासाठी ही व्यवस्था मोठा आधार ठरते.

मतदानाचा हक्क नसला तरी हा आधार मिळतो. डॉलच्या निवडणुकीत केवळ आयरिश आणि ब्रिटिश नागरिक मत देऊ शकतात, पण स्थानिक निवडणुकांत कोणत्याही देशाच्या रहिवाशाला मत देता येते. भारतीय पासपोर्टवर राहणारी परिचारिका किंवा अभियंता टीडीकडे गेला, तर त्याला तू मतदार आहेस का, असे विचारून परत पाठवले जात नाही. ज्यांचे मूळ घराणे मालवण तालुक्यातील वराड गावचे, ते लिओ वराडकर २०१७ मध्ये टीशॉक झाले. तेही डब्लिन वेस्ट या मतदारसंघातील अनेक टीडींपैकी एक होते.

पहिली पायरी : प्रश्न कोणाच्या अखत्यारीत येतो ते शोधावे

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणून लोक ती गाळतात आणि मग सहा महिन्यांनी त्याच जागी परत येतात. रस्त्यातील खड्डा, बंद पडलेला दिवा, कचरा, स्थानिक उद्यान आणि सरकारी घरांची प्रतीक्षायादी ही कामे देशातील ३१ स्थानिक प्राधिकरणांची असून त्यांवर एकूण ९४९ काउन्सिलर निवडून येतात. अशा प्रश्नाचा अर्ज संसदेकडे केला, तर तो स्थानिक असल्याच्या कारणावरून अग्राह्य ठरतो. घराशेजारी होणाऱ्या बांधकामाला हरकत असेल, तर नियोजन अर्ज दाखल झाल्यापासून पाच आठवड्यांत २० युरो शुल्क भरून स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी म्हणणे मांडावे लागते. ही मुदत चुकली की टीडीलाही फारसे काही करता येत नाही.

प्रश्न एखाद्या सरकारी कार्यालयाने तुमच्या बाबतीत केलेल्या अन्यायाचा असेल, म्हणजे अर्ज विनाकारण रखडवला, नियम चुकीचा लावला, कारण न देता नकार दिला, तर तो लोकपालांकडे, म्हणजे ऑम्बड्समनकडे न्यावा. हे कार्यालय १९८४ पासून काम करते आणि तक्रारीसाठी शुल्क घेत नाही. आधी त्याच कार्यालयाकडे तक्रार करून तिचा निकाल हाती घ्यावा लागतो आणि घटनेपासून सामान्यतः १२ महिन्यांच्या आत यावे लागते. मुलांच्या बाबतीत स्वतंत्र बाल-लोकपाल आहेत. बँक, विमा आणि निवृत्तिवेतन यांच्यासाठी वेगळे लोकपाल आहेत. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी एप्रिल २०२५ पासून फिओस्रू नावाच्या पोलीस लोकपाल कार्यालयाकडे जातात.

संसदेकडे न्यायचा प्रश्न याहून वेगळा असतो. कायदाच सदोष आहे, धोरणात पोकळी आहे, किंवा मंत्र्याच्या खात्याने काय केले याचा जाब कोणी विचारलेला नाही, अशा ठिकाणी संसद उपयोगी पडते. माझ्यावर अन्याय झाला, एवढे सांगून थांबायचे असेल तर लोकपालांकडे जावे. माझ्यासारख्या सर्वांवर हा नियम अन्याय करतो, असे दाखवता येत असेल तर संसदेकडे यावे.

दुसरी पायरी : टीडीची भेट

बहुतेक टीडी आपल्या मतदारसंघात ठरलेल्या दिवशी लोकांना भेटतात. या भेटींना तेथे क्लिनिक म्हणतात. त्या टीडीच्या कार्यालयात, गावच्या सभागृहात, हॉटेलच्या एखाद्या खोलीत, तर ग्रामीण भागात पबच्या मागच्या दालनातही होतात. खुर्च्यांवर माणसे कागद हातात धरून बसलेली असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे येतात. त्यामुळे तोंडी हकिगत लांबवण्यापेक्षा एक पानी टिपण हाती द्यावे. त्यात काय घडले ते तारखांसह असावे, कोणत्या कार्यालयाशी पत्रव्यवहार झाला त्याचे संदर्भ क्रमांक असावेत, आणि शेवटी आपल्याला नेमके काय हवे ते एका वाक्यात असावे. ते शेवटचे वाक्य घरून लिहून आणलेले नसेल, तर टीडीचा सहायक स्वतःच्या समजुतीने ते लिहितो आणि पुढचा सारा पत्रव्यवहार त्या समजुतीवर चालतो.

आपले खासगी तपशील कार्यालयांकडे मागताना टीडीला अनेकदा संमतिपत्र द्यावे लागते. २०१८ च्या डेटा संरक्षण कायद्याने लोकप्रतिनिधींना लोकांच्या विनंतीवरून अशी माहिती हाताळण्याची मुभा दिली आहे, तरीही आरोग्य किंवा स्थलांतर यांच्याशी संबंधित प्रकरणात लेखी संमती आधीच देऊन ठेवली की आठवडे वाचतात. टीडी मग मंत्र्यांना किंवा खात्याला पत्र लिहितो. पहिल्यांदा केवळ पोच येते. पोच म्हणजे उत्तर नव्हे. तीन-चार आठवड्यांनी विनम्रपणे आठवण करून देणे यात गैर काहीच नाही.

भारतीय कुटुंबांना सर्वांत जास्त भेडसावणारे प्रश्न म्हणजे रखडलेला नागरिकत्वाचा अर्ज आणि कुटुंबीयांचा व्हिसा. यांसाठी टीडीला सभागृहात प्रश्न विचारण्याचा आग्रह धरण्याची गरज नसते. अशा वैयक्तिक प्रकरणांची चौकशी करण्यासाठी न्याय खात्याने संसद सदस्यांकरिता खास ईमेल सोय ठेवली असून, सभागृहात प्रश्न आला तरी मंत्र्यांचे छापील उत्तर पुष्कळदा त्याच सोयीकडे बोट दाखवते. मात्र अर्जाला सरासरी किती महिने लागतात, किती अर्ज प्रलंबित आहेत, कोणत्या टप्प्यावर ते अडतात, असा सर्वांना लागू पडणारा प्रश्न विचारायचा असेल, तर लेखी प्रश्नच योग्य.

तिसरी पायरी : लेखी प्रश्न

माझ्या मते आयरिश संसदेत सामान्य माणसाच्या सर्वाधिक उपयोगाचे साधन हे आहे, आणि त्याचीच माहिती लोकांना सर्वांत कमी असते. महाराष्ट्र विधानमंडळाशी परिचित वाचकाला तारांकित आणि अतारांकित प्रश्न माहीत आहेत. तोच भेद येथे तोंडी आणि लेखी उत्तराचे प्रश्न असा आहे. तोंडी प्रश्नांना वेळेची मर्यादा असते आणि मंत्र्यांची पाळी ठरावीक दिवशीच येते. लेखी प्रश्नाला असे बंधन नसते. अधिवेशन चालू असताना त्याचे उत्तर साधारण आठवडाभरात येते आणि ते सभागृहाच्या कामकाजात कायमचे छापले जाते. प्रश्न टीडीच विचारू शकतो, पण त्याचा मसुदा तुम्ही देऊ शकता. चांगला मसुदा हाती आला तर बहुतेक सहायक तो जवळजवळ जसाच्या तसा सादर करतात, कारण त्यांचे काम त्यामुळे वाचते.

मसुद्यातील शब्दांनी किती फरक पडतो, ते एका उदाहरणावरून पाहू. तुमच्या भागातील बसच्या फेऱ्या वारंवार रद्द होतात असे समजा. बससेवा कधी सुधारणार, असे विचारले तर सार्वजनिक वाहतुकीबाबत सरकार किती कटिबद्ध आहे हे सांगणारे दोन परिच्छेद येतात. त्याऐवजी असे लिहावे : गेल्या १२ महिन्यांत अमुक क्रमांकाच्या मार्गावरील किती नियोजित फेऱ्या रद्द झाल्या, त्यांची महिन्यावार संख्या किती, प्रत्येकीचे नोंदवलेले कारण काय, आणि ही माहिती तक्त्याच्या स्वरूपात द्यावी. तक्त्याच्या स्वरूपात, हे शब्द आयरिश प्रश्नांत सर्रास आढळतात. ते आले की खात्याला आकडे द्यावे लागतात किंवा आकडे नाहीत हे लेखी कबूल करावे लागते. आकडेच ठेवले जात नाहीत, अशी कबुलीसुद्धा पुढच्या लढाईत मोलाची ठरते.

उत्तराची भाषा वाचायलाही शिकावे लागते. बससेवेची जबाबदारी राष्ट्रीय परिवहन प्राधिकरणाकडे असल्याने मंत्री बहुधा असे उत्तर देतात, की हा विषय प्राधिकरणाचा असून प्रश्न थेट उत्तरासाठी त्यांच्याकडे पाठवला आहे, आणि कामकाजाच्या दहा दिवसांत उत्तर न मिळाल्यास माझ्या कार्यालयास कळवावे. रुग्णालयांच्या बाबतीत हेच उत्तर आरोग्य सेवा कार्यकारिणीच्या नावाने येते. ही टोलवाटोलवी आहे असे समजून पुष्कळ लोक येथेच निराश होतात. वस्तुतः ते दहा दिवस मोजायचे असतात. अकराव्या दिवशी टीडीच्या सहायकाला फोन करून ते उत्तर आले का, असे विचारावे. हे थेट उत्तर टीडीकडे पत्राने येत असल्याने सभागृहातील उत्तराच्या मजकुरात ते सापडत नाही, म्हणून त्याची प्रत आवर्जून मागून घ्यावी.

व्यक्तीच्या प्रकरणासंबंधी प्रश्न असेल तर नाव छापले जात नाही. प्रश्नात एक व्यक्ती, तपशील सोबत दिला आहे, एवढेच लिहितात आणि नाव-पत्ता खात्याला स्वतंत्रपणे कळवतात. आजारपण किंवा कौटुंबिक अडचण असलेल्या माणसाला ही गोष्ट आधीच सांगितली, तर त्याची भीड निम्मी कमी होते.

तातडीच्या विषयासाठी डॉलमध्ये प्रासंगिक विषयांची चर्चा असते. ती आपल्याकडील लक्षवेधी सूचनेच्या जवळची आहे. टीडी सूचना देतात आणि क्यान कोर्ले त्यांतून त्या दिवसासाठी चार विषय निवडतात. शॅनडमध्ये याच धर्तीवर कामकाजाच्या आरंभी काही विषय घेतले जातात आणि एखाद्या मंत्र्याला तेथे येऊन उत्तर द्यावे लागते. टीडी व्यग्र असेल तर सिनेटरकडे जावे; त्यांच्याकडे गर्दी कमी असते आणि ते विषयाला अधिक वेळ देऊ शकतात.

चौथी पायरी : विनंती अर्ज

आता मूळ विषयाकडे येऊ. सध्याची विनंती अर्जांची पद्धत २०१२ पासून चालू आहे. दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची संयुक्त समिती हे अर्ज हाताळते, आणि लोकपालांच्या अहवालांचा विचारही तीच करते. कोणतीही व्यक्ती किंवा संस्था संसदेच्या संकेतस्थळावर नोंदणी करून अर्ज दाखल करू शकते. अर्ज आयरिश किंवा इंग्रजी भाषेत असावा लागतो. दाखल झालेल्या अर्जाला पी अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो आणि त्याच्या शेवटी वर्षाचे दोन आकडे असतात. तो क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढे समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर अर्ज त्याच क्रमांकाने शोधायचा असतो.

आयर्लंडमध्ये एके काळी जनतेच्या अर्जाला याहून फार मोठे बळ होते. १९२२ च्या राज्यघटनेच्या ४८ व्या कलमानुसार ७५ हजार मतदारांनी सह्या केल्या, तर जनतेने स्वतः कायदा सुचवण्याची पद्धत घालून देणे किंवा तो प्रश्न सार्वमताला टाकणे संसदेवर बंधनकारक होते. १९२८ मध्ये डी व्हॅलेरा यांच्या फियाना फॉल पक्षाने संसद सदस्यांना घ्याव्या लागणाऱ्या, ब्रिटिश राजाशी निष्ठेच्या शपथेविरुद्ध सुमारे ९६ हजार सह्या गोळा केल्या, तेव्हा कॉसग्रेव्ह यांच्या सरकारने घटनादुरुस्ती करून ते कलमच काढून टाकले. १९३७ च्या घटनेत ते परत आले नाही. आजच्या घटनेच्या २७ व्या कलमात एका विनंतीची तरतूद आहे, पण ती राष्ट्राध्यक्षांना उद्देशून संसद सदस्यांनी करायची असते. नागरिकांना तिचा उपयोग नाही. त्यामुळे आजचा अर्ज हा शब्दशः विनंती अर्ज आहे. त्याने कोणावर बंधन येत नाही. त्यातून समितीला चौकशी करण्याचे निमित्त मिळते, आणि चौकशी चांगली झाली तर ते निमित्तही पुष्कळ होते.

अर्ज ग्राह्य ठरण्यासाठी विषय सार्वजनिक हिताचा आणि संसदेच्या अधिकारातील असावा लागतो. न्यायालयात प्रलंबित असलेले प्रकरण, लोकपालांनी किंवा न्यायालयाने आधीच निकालात काढलेली वैयक्तिक तक्रार, निव्वळ स्थानिक प्रश्न, व्यक्तिगत किंवा व्यापारी लाभाची मागणी आणि आधीच हाताळलेल्या अर्जाची पुनरावृत्ती यांना जागा नाही. व्यक्तींची नावे घेऊन आरोप केलेले आणि बदनामीकारक भाषेतील अर्जही बाद होतात. या शेवटच्या कारणाने अर्ज बाद व्हावा याचे मला विशेष वाईट वाटते. कारण ज्याला खरोखर त्रास झाला आहे तोच माणूस रागाच्या भरात अधिकाऱ्याचे नाव लिहून बसतो. नावाऐवजी पद किंवा कार्यालय लिहावे, विशेषणे काढून तारखा घालाव्यात. मजकुराचे वजन त्याने वाढते.

बसचेच उदाहरण पुढे नेऊ. आमच्या भागातील बससेवा वाईट आहे, सरकारने तातडीने काहीतरी करावे, हा अर्ज स्थानिक आहे आणि मागणीही अस्पष्ट आहे. तोच अनुभव असा मांडता येतो : एखादा बसमार्ग बंद करण्यापूर्वी अथवा वळवण्यापूर्वी त्या निर्णयाची कारणे आणि मार्गावरील प्रवासी-संख्येची आकडेवारी आगाऊ प्रसिद्ध करणे बंधनकारक करावे, आणि त्यासाठी कायद्यात किंवा धोरणात कोणता बदल लागेल याची समितीने परिवहन खात्याकडे विचारणा करावी. येथे मागणी देशभर लागू होते, ती कोणी पुरी करायची ते स्पष्ट आहे, आणि समितीने उद्या सकाळी उचलायचे पाऊलही अर्जातच सांगितलेले आहे. आपल्या भागाची हकिगत त्याखाली पुरावा म्हणून जोडावी. आधी कोणत्या कार्यालयाकडे दाद मागितली आणि काय उत्तर आले, तेही सांगावे लागते. तिसऱ्या पायरीत मिळवलेली लेखी उत्तरे येथेच कामी येतात.

ग्राह्य अर्ज संकेतस्थळावर प्रसिद्ध होतो आणि इतरांना त्याला पाठिंबा देता येतो. समिती सहसा संबंधित खात्याचे म्हणणे मागवते आणि ते अर्जदाराकडे प्रतिसादासाठी पाठवते. हा प्रतिसाद देण्याची संधी वाया घालवू नये. खात्याच्या पत्रातील प्रत्येक परिच्छेदाला क्रमवार उत्तर द्यावे आणि ज्याचे उत्तर खात्याने दिलेलेच नाही ते ठळकपणे दाखवावे, कारण समितीच्या सदस्यांपुढे ती दोन पत्रे शेजारी-शेजारी ठेवली जातात. समिती पुढे अर्जदाराला किंवा अधिकाऱ्यांना बोलावू शकते, विषय दुसऱ्या समितीकडे पाठवू शकते, सभागृहांना अहवाल देऊ शकते, किंवा अर्ज बंद करू शकते. या साऱ्याला महिनेच्या महिने लागतात.

पाचवी पायरी : समित्यांपुढे निवेदन

प्रत्येक महत्त्वाच्या खात्यासाठी संयुक्त समिती असते. विधेयकाचा आराखडा तयार झाला की तो सभागृहात मांडण्यापूर्वी समिती त्याची छाननी करते आणि त्या वेळी अनेकदा लोकांकडून लेखी निवेदने मागवते. कायदा घडत असताना त्यात शब्द बदलून घेण्याची ही वेळ असते. विधेयक सभागृहात आल्यावर सरकारला माघार घेणे अवघड जाते. शॅनडचीही २०११ पासून स्वतंत्र लोकसंवाद समिती आहे आणि ती एखादा विषय ठरवून निवेदने मागवते.

निवेदनात परिच्छेदांना क्रमांक द्यावेत, आरंभी आपण कोण व या विषयाशी आपला काय संबंध हे सांगावे, अर्ध्या पानात सारांश द्यावा आणि बदल सुचवताना आराखड्यातील कलमाचा क्रमांक लिहावा. निवेदने प्रसिद्ध होतात, म्हणून आपला फोन क्रमांक आणि घरचा पत्ता मजकुरात न घालता सोबतच्या पत्रात ठेवावा.

समितीने साक्षीसाठी बोलावले तर आरंभीचे निवेदन आधी पाठवून ठेवायचे असते आणि वाचायला पाचेक मिनिटे मिळतात. बैठक सुरू होताना अध्यक्ष एक सूचना वाचून दाखवतात. तिचा आशय असा, की सभागृहाबाहेरच्या कोणत्याही व्यक्तीचे नाव घेऊन किंवा ती ओळखू येईल अशा रीतीने टीका करू नये. संसदेच्या आवारात बसून दिलेल्या साक्षीला जे पूर्ण संरक्षण मिळते, ते घरून दूरदृश्य पद्धतीने बोलणाऱ्याला तितकेच मिळेल याची खात्री नसते. विषय नाजूक असेल तर डब्लिनला प्रत्यक्ष जाणेच श्रेयस्कर.

मोठा प्रश्न किती पायऱ्या चढतो

एक प्रश्न या साऱ्या वाटांनी कसा गेला, ते पाहायचे तर सविता हलप्पनवार यांची आठवण काढावीच लागते. मूळच्या बेळगावच्या या दंतवैद्य २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवे येथील रुग्णालयात वयाच्या ३१ व्या वर्षी मरण पावल्या. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असतानाही त्यांची गर्भपाताची विनंती मान्य झाली नव्हती आणि त्यांना जंतुसंसर्ग झाला होता. देशभर लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरले. संसदेच्या आरोग्य समितीने सुनावण्या घेतल्या आणि २०१३ मध्ये एक मर्यादित कायदा झाला, पण अडचणीचे मूळ, गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणाऱ्या, घटनेच्या आठव्या दुरुस्तीत होते आणि तिला केवळ सार्वमताने हात लावता येत होता.

जुलै २०१६ मध्ये दोन्ही सभागृहांनी ठराव करून नागरिक सभा स्थापन केली. तिच्यात नमुना पद्धतीने निवडलेले ९९ नागरिक होते आणि न्यायमूर्ती मेरी लाफॉय अध्यक्ष होत्या. सभेने जनतेकडून निवेदने मागवली तेव्हा हजारो निवेदने आली. पाच शनिवार-रविवार तज्ज्ञांना आणि विरोधी मतांच्या संघटनांना ऐकून तिने आपल्या शिफारशी केल्या, संसदेच्या विशेष समितीने २०१७ मध्ये त्या तपासल्या आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला. त्याआधी २०१२ च्या घटना परिषदेतून समलिंगी विवाहाचा प्रश्नही याच प्रकारे २०१५ च्या सार्वमतापर्यंत गेला होता. नागरिक सभेचा विषय संसदच ठरवते, त्यामुळे अर्ज करून सभा बोलावता येत नाही. ती बोलावली गेली, तर मात्र निवेदन पाठवायला कोणालाही मनाई नसते.

सोबत ठेवायची साधने

लेखी प्रश्नातून न मिळालेली कागदपत्रे २०१४ च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली मागता येतात. आपल्या माहिती अधिकाराचा तो भाऊच आहे. अर्जाला शुल्क नाही आणि निर्णयासाठी साधारण चार आठवडे असतात. वैयक्तिक नसलेल्या माहितीला नकार मिळाल्यास अंतर्गत फेरविचाराला ३० युरो आणि माहिती आयुक्तांकडील अपिलाला ५० युरो लागतात. अमुक विषयावरील सर्व कागद, असे मागितले की अर्ज अवाजवी ठरतो. दोन तारखांमधला, एका विभागाचा, एका निर्णयाशी निगडित पत्रव्यवहार मागावा.

मंत्री, टीडी किंवा वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे धोरण बदलण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या ठरावीक प्रकारच्या संस्थांना आणि व्यक्तींना २०१५ च्या लॉबिंग नियमन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. स्वतःच्या खासगी कामासाठी टीडीला भेटणारा नागरिक त्यात येत नाही. परंतु तुमच्या मंडळाचा एक जरी पगारी कर्मचारी असेल आणि तो सभासदांच्या वतीने धोरणाविषयी बोलत असेल, तर नोंदणीचा प्रश्न उपस्थित होतो. जमिनीच्या विकासाविषयी किंवा तिच्या वापराच्या आरक्षणाविषयी बोलणाऱ्या कोणालाही हा नियम लागू होतो, मात्र स्वतःच्या राहत्या घराला सूट आहे. मराठी मंडळाने सभागृहासाठी जागा मागताना हा नियम तपासून घ्यावा.

वेळेचे भानही हवे. डॉलची बैठक बहुतेक आठवड्यांत मंगळवार ते गुरुवार असते आणि जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मोठी सुटी असते. जूनच्या अखेरीस दिलेला प्रश्न त्या गर्दीत मागे पडण्याचा धोका असतो. निवडणुकीसाठी डॉल विसर्जित झाले की समित्याही संपतात. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी डॉल विसर्जित झाल्यावर नव्या समित्या बसायला पुढचे वर्ष उजाडले. अशा वेळी अर्जाचा क्रमांक, खात्याचे उत्तर आणि आपला प्रतिसाद एकत्र करून नव्या समितीच्या सचिवालयाला एक पानी पत्र लिहावे, अर्जाची सद्यःस्थिती विचारावी आणि त्याची प्रत मतदारसंघातील सर्व टीडींना पाठवावी. नव्याने निवडून आलेल्या टीडीला पहिल्या काही महिन्यांत हाती घेण्यासाठी असाच, कागदपत्रांसह तयार असलेला विषय हवा असतो.